ध्यानाचा चौथा तास

बाबा, गेल्या महिन्यात मी एका मुलीवर तुमच्या आवाजात ओरडले, आणि पुढे जे झालं ते तुमच्याशिवाय कोणाला सांगावं हे मला कळत नाही. तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अजून वर्ध्यालाच आहे, नर्सिंगच्या मुलींना शिकवते. यंदा आमच्या कॉलेजने देवळी तालुक्यातल्या एका शाळेत नववीच्या मुलींसाठी आध्यात्मिक बुद्धिमत्तेचं प्रशिक्षण घ्यायचं ठरवलं. नाव ऐकून तुम्ही खूश झाला असता. त्यात देवधर्म नाही. आपण कशासाठी जगतो, दुःख झालं तर त्याचं काय करायचं, मन खवळलं तर कसं थांबायचं, हे दहा तासांत मुलींशी बोलायचं. या वयाच्या मुलींची झोप उडते, छातीत धडधडतं, कशातच जीव लागत नाही, आणि घरच्यांना ती थेरं वाटतात. त्यांना याचा उपयोग होतो का, ते पाहायचं होतं. प्राचार्यांनी मला बोलावलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. कारण विचारलं तर सांगता आलं नाही.

कारण तुम्ही होतात. नाचणगावच्या घरात, आपल्या पिठाच्या चक्कीच्या मागच्या खोलीत, मी पंधरा वर्षांची आहे. दोन महिने मला धड झोप नाही, ताटातला घास गिळवत नाही. आई म्हणते, "पोरगी जेवून नाई राह्यली, झोपून नाई राह्यली. दवाखान्यात तं न्या." तुम्ही म्हणता, "मन थाऱ्यावर नाई तिचं. मी आणतो थाऱ्यावर." आणि रोज पहाटे आंघोळ करून मला देवासमोर बसवता. डोळे मिटायचे आणि पाठ ताठ ठेवायची. तुमच्या मांडीवर चक्कीच्या जुन्या पट्ट्याचा हातभर तुकडा. पापणी हलली की तो पाठीवर येतो. "काऊन उघडले डोये?" मी सांगू शकत नाही की मिटले की पट्टा कुठून येणार ते दिसत नाही, म्हणून उघडतात. वळ उठतात, त्यावर दुसरे उठतात, झंपर पाठीला चिकटतो. तुम्ही मधूनच नामस्मरण करता. मला आजही कोणी शेजारी बसून जप करू लागलं की घाम फुटतो.

मग एके दिवशी तुम्ही थांबलाच नाहीत. पाठ, मान, कान. आई मध्ये पडली, तिला तुम्ही ढकललं, ती चौकटीवर आपटली आणि तिच्या ओठातून रक्त आलं. मग तुम्ही दमलात. पट्टा बाजूला टाकून चटईवर हात टेकून धापा टाकत बसलात. हे मला नीट आठवतं, तुम्ही थांबला होतात. मी स्वयंपाकघरात गेले, लोखंडी बत्ता घेतला, परत आले आणि तुमच्या टेकलेल्या हातावर दोन्ही हातांनी हाणला. कापसाची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा हाडाचा आवाज आला. तुम्ही ओरडला नाहीत. माझ्याकडे फक्त पाहत राहिलात, आणि मी दुसऱ्यांदा बत्ता उचलला तेव्हा आईने माझे पाय धरले.

पुलगावच्या डॉक्टरांना तुम्ही सांगितलंत, "चक्कीच्या पट्ट्यात आली बोटं. माह्यीच चूक." त्यानंतर तुम्ही मला कधी हात लावला नाही, आणि त्या दिवसाबद्दल एक शब्दही काढला नाही. दोन बोटं शेवटपर्यंत वाकडी राहिली. मी नर्सिंगला निघाले तेव्हा एसटीत खिडकीची जागा मला देऊन वर्ध्यापर्यंत गप्प बसून आलात. त्या गप्पपणाचा अर्थ लावण्यात माझी बरीच वर्षं गेली.

तर चौथा तास. विषय होता, आतून स्थिर होणं. तीस मुली डोळे मिटून बसल्या होत्या. एक मात्र उघड्या डोळ्यांनी दाराकडे बघत होती. मी दोनदा हळू सांगितलं. तिसऱ्यांदा माझ्या तोंडून निघालं, "काऊन उघडले डोये? मिट." आवाज तुमचाच होता. तिच्या शेजारची मुलगी फिस्सकन हसली. पुढच्या क्षणी उघड्या डोळ्यांच्या मुलीने स्टीलची पाण्याची बाटली उचलून हसणारीच्या तोंडावर घातली, एकदा, परत एकदा. भुवई फाटली, चेहरा रक्ताने भरला. मुली किंचाळत बाहेर पळाल्या. मी मारणारीला मागून धरलं तर तिने माझ्या मनगटाचा चावा घेतला. मी सोडलं नाही. बऱ्याच वेळाने ती ढिली पडली आणि म्हणाली, "डोये मिटले का मांगून कोणी मारते असं वाटते, मॅडम."

मी तिला भिंतीला पाठ लावून बसवलं.

मुख्याध्यापिकांनी तिच्या वडिलांना बोलावलं. ते जिनिंगच्या कारखान्यातून तसेच आले, केसांत कापूस. काय झालं ते अर्धं ऐकलं, आणि ऑफिसातच तिच्या झिंज्या धरून तिचं डोकं कपाटावर आदळलं. ती रडली नाही, फक्त डोळे सताड उघडे ठेवून उभी राहिली. त्यांनी दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मी तो धरला.

"बाजूले व्हा, मॅडम. माह्यी पोरगी हाय."

"किती वर्षं मारून राह्यले? फरक पडला काय?"

त्यांनी हिसका दिला. मी मनगट पिरगाळलं. ते गुडघ्यावर आले, तोंड वेडंवाकडं झालं, आणि मग एकदम म्हणाले, "मंग काय करू? सांगा ना तुमी. तिची माय गेल्यापासून बोलून नाई राह्यली ते."

मी सांगितलं तसे पुढच्या बुधवारी बापलेक वर्ध्याच्या दवाखान्यात आले. मानसोपचाराच्या डॉक्टर तासभर तिच्याशी एकटीशी बोलल्या, नंतर वडिलांशी. तिला आजार आहे, नाटक नाही, हे कोणीतरी पहिल्यांदा त्यांना सांगितलं. आता दर पंधरवड्याला येतात. जखमी मुलीच्या घरी ही पोरगी स्वतः माफी मागायला गेली. त्या मुलीच्या आईने आधी दार लावून घेतलं, तिसऱ्या खेपेला आत घेतलं. पाचव्या तासापासून मी सगळ्यांना भिंतीला पाठ लावून, डोळे उघडे ठेवून बसवते. ती येते. कधी बोलते, कधी नाही.

कॉलेजला अहवाल द्यायचा होता. मी लिहिलं, 'पालकांना शांतपणे समजावून सांगण्यात आलं.' सगळ्यांनी वाचला, कोणी काही विचारलं नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही, असता तरी टाकलं नसतं. पण त्या माणसाचं मनगट पिरगाळताना त्याचं हाड कुरकुरलं, बाबा, आणि तो कळवळला, तेव्हा मी लगेच सोडलं नाही. मला बरं वाटत होतं.