अण्णांच्या तीन कॅसेट

२२ जानेवारी, गुरुवार. साप्ताहिक सुट्टी.

सकाळी माळ्यावरचा जुना संगणक खाली उतरवला. काल जेवणाच्या सुट्टीत मशिन शॉपचे दशरथराव टेबलाशी येऊन उभे राहिले होते. "सर, पोरीचं लगीन धरलंय. हळदीला अण्णांचा आवाज लावायचा म्हंतो. तेवढं पेन ड्राइव्हमधी द्या." मी म्हणालो, उद्या सुट्टी आहे, लगेच काढतो.

संगणक सुरू झाला नाही. हार्डडिस्कमधून टक्, टक्, टक्. मग शांतता.

हा आवाज मी कंपनीच्या प्रशिक्षण वर्गात तोंडाने काढून दाखवतो. तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेत असते, आणि वाचणारा काटा तिच्यावर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतो. इतकी नाजूक, इतकी देखणी रचना. काटा बिघडला की असा आवाज येतो, आणि तेव्हा नियम एकच: तत्काळ बंद करा, पुन्हा सुरू करू नका. प्रत्येक प्रयत्नागणिक तबकडी खरवडली जाते.

आज मी ती अकरा वेळा सुरू केली.

२३ जानेवारी, शुक्र.

चहाच्या वेळी दशरथराव: "झालं का सर?"
मी: "फाइल मोठी आहे, वेळ लागतोय."
बोलताना चष्मा पुसत होतो. तो स्वच्छ होता.

निदान या वहीत तरी क्रमाने लिहावं. तीन वर्षांपूर्वी कंपनीने 'घरातही ५-एस' अशी स्पर्धा घेतली; ५-एस म्हणजे आवराआवरीची जपानी पद्धत. अनावश्यक वस्तू ओळखा, लाल चिठ्ठी लावा, बाहेर काढा. मार्गदर्शक मी. महाळुंग्यात दशरथरावांच्या कपाटात तीन कॅसेट निघाल्या. त्यांचे वडील, अण्णा, चाकणच्या कांदा बाजारात लिलाव पुकारायचे, त्यांचा आवाज. अण्णा तेव्हाच हयात नव्हते, टेपही बंद पडलेला. मी म्हणालो, मी संगणकात उतरवून देतो, मग या कशाला ठेवायच्या?

"ऱ्हाऊ द्या की सर. कुठं चारा मागत्यात."

सगळे हसले. मी हसलो नाही, समजावत बसलो. अर्धा तास. शेवटी ते "बरं" म्हणाले. कॅसेट घरी नेऊन उतरवल्या, परत नेल्या, लाल चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने चिकटवल्या आणि भंगाराच्या पोत्यात टाकल्या. पेन ड्राइव्ह 'देतो' म्हणालो होतो. त्यांनी दोनदा विचारलं, मग भिडेखातर विचारणं सोडलं.

२९ जानेवारी, गुरुवार.

हार्डडिस्क प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवली. गारठवल्यावर बिघडलेली डिस्क थोडा वेळ चालते म्हणतात; याच उपायाला मी वर्गात अंधश्रद्धा म्हणतो.

बायको, विद्या: "मटारांशेजारी हे काय निजवलंय?"
सांगितलं.
"मग डेटा काढून देणाऱ्या लॅबमध्ये का देत नाही?"
"दुसरी प्रत कुठे आहे, असं विचारतील."
"नाही म्हणून सांगायचं. एवढ्यासाठी?"

एवढ्यासाठीच. गेली एकवीस वर्षं मी माणसांना प्रत ठेवायला शिकवतो आहे.

बाहेर काढून आणखी पाच वेळा सुरू केली. आता टक् देखील नाही. नुसती घरघर.

३१ जानेवारी, शनि.

नवी तुकडी, विषय ५-एस. चौदावी स्लाइड आली आणि मी थांबलो. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर': दशरथरावांचं कपाट. डावीकडच्या फोटोत तिन्ही कॅसेट स्पष्ट दिसतात, पाठीवरचं बॉलपेनचं अक्षरसुद्धा. 'अण्णा बाजारात.' 'अण्णा घरी.' 'अण्णा आन् पोर.'

हा फोटो ऑफिसच्या सर्व्हरवर आहे, घरच्या लॅपटॉपवर आहे आणि खिशातल्या पेन ड्राइव्हवर आहे. तीन ठिकाणी, नियमाप्रमाणे.

एका मुलीने विचारलं, "सर, त्या कॅसेटमध्ये काय होतं?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. म्हणालो, पुढे जाऊ.

२ फेब्रुवारी, सोम.

अर्धी रजा. पिंपरीतल्या एका लॅबमध्ये गेलो. काउंटरवर सुषमा, सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे अप्रेंटिस होती. उभी राहिली, पाणी दिलं.

"सर, बिघडल्यावर किती वेळा सुरू केली?"
"एकदोनदा."
"नक्की आकडा लागेल सर. तुम्हीच सांगायचात, बिघाडाला लाजू नका, आकडा सांगा."
"सोळा."
तिने लिहून घेतलं. "फ्रीझर?"
मान हलवली. तेही लिहिलं. हसली असती तर बरं झालं असतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार.

सकाळी वर्गात वापरतो तो तक्ता काढून बसलो. पाच वेळा 'का' विचारायचं. प्रत्येक उत्तराच्या पोटातून पुढचा प्रश्न काढायचा. अट एकच: माणसाचं नाव हे उत्तर होऊ शकत नाही, कारण नेहमी पद्धतीत शोधायचं. ही अट मला फार प्रिय आहे. मी तिच्यावर तासभर बोलू शकतो.

आवाज का गेला? प्रत एकच होती. का? मूळ कॅसेट टाकल्या. का? मालकाला नको होत्या.

हे खोटं. तो रकाना खोडला. मालकाला हव्या होत्या. मग का टाकल्या? त्यांनी 'बरं' म्हणेपर्यंत मला उठवेना. का?

पाचव्या रकान्यात माझं नाव लिहिलं. अट मोडली. तसंच ठेवलं.

दुपारी महाळुंग्याला. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडलेले. दशरथराव "बसा" म्हणाले. उभ्यानेच सगळं सांगितलं, फ्रीझरसकट.

"समदंच गेलं?"
"बहुतेक. लॅबचं अजून कळलेलं नाही."
त्यांनी वाटेतला एक बांबू उचलून भिंतीला लावला. मग, "तुमी ऐकलं व्हतं का पर?"
"पूर्ण. उतरवताना ऐकावंच लागतं."
"मंग पोरीच्या लिलावाचं सांगा."

सांगितलं. सहा महिन्यांची नात कांद्याच्या पाटीत बसवलेली. अण्णा पुकारत होते: रंग बघा, दोन दात बघा. शेजारीपाजारी हसत बोली चढवत होते. शेवटी अण्णा म्हणाले, माल परत, घरचा माल हाय, इकायचा न्हाई.

घरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं. वहिनी दारात उभ्या.

"शबूद बरुबर हायेत," दशरथराव म्हणाले. "पर सर, अण्णा असं वाचून दाखवल्यावानी बोलत न्हवतं."

निघताना: "आन् कॅशेटी टाकायच्या आदी तुमी फोटू काढला व्हता. तो तरी हाय का?"
"आहे."
किती ठिकाणी आहे, ते सांगवलं नाही.

९ फेब्रुवारी, सोम.

सकाळी सुषमाचा फोन. डिस्कमधून आवाजाच्या काही फाइली निघाल्या आहेत. नावं पुसली गेली आहेत, नुसते क्रमांक. काहींत बोलणं ऐकू येतं, काहींत फक्त खरखर. कोणतं काय आहे हे ओळखीच्या माणसाने येऊन सांगावं. परवा हळद.

पहिला विचार आला तो असा: एकट्याने जावं, ऐकावं, चांगलं असेल तेवढंच घेऊन महाळुंग्याला जावं. तो इथे नोंदवून ठेवतो.

मग दशरथरावांना फोन लावला.

"म्या येतो," ते म्हणाले. "आदी म्या ऐकनार. तुमी भाईर बसायचं."
"हो."
"आन् काय समजावून सांगू नका."
"नाही सांगणार."

चार वाजता चाकण चौकातून त्यांना गाडीत घ्यायचं आहे. हेडफोन एकच बरोबर घेतला आहे.