स्क्रीनबाहेर राहिलेलं 'पुढे चला'

ती. ताईस,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (दोन्ही हात, म्हणजे फोन खाली ठेवून, हल्ली एवढा मान मी कोणाला देत नाही). इकडे सगळे ठणठणीत. तुझं बीपी आटोक्यात असेल, भाऊजींच्या गुडघ्याची कुरकुर थांबली असेल आणि तू हे पत्र खुर्चीत बसून वाचत असशील असं धरून चालतो. उभी असलीस तर बस. घाबरण्यासारखं काही नाही. मला तुझ्याशी फक्त एका वेबसाइटबद्दल बोलायचं आहे.

तर विवाह नोंदणी कार्यालयाची एक वेबसाइट आहे. तारीख हवी असेल तर तिथूनच घ्यावी लागते, खिडकीवर जाऊन तोंडी मागितली तर देत नाहीत. (बाबा लग्न करताहेत. ते पुढे ओघात येईलच.) आता माझ्या दुकानातला कॉम्प्युटर तू पाहिला आहेस. चष्म्यांची बिलं छापण्यापलीकडे त्याने आयुष्यात काही केलेलं नाही. त्याच्यावर साइट उघडली तर पाटी आली, 'आपला ब्राउझर फार जुना आहे, कृपया मोबाइलवरून प्रयत्न करा.' मोबाइलवर उघडली तर पाटी आली, 'उत्तम अनुभवासाठी कृपया कॉम्प्युटर वापरा.' म्हणजे सासरचे म्हणतात माहेरी जा आणि माहेरचे म्हणतात सासरीच नांद! मला उत्तम अनुभव नकोच होता गं. मला शुक्रवारची तारीख हवी होती.

शुक्रवारचीच का, तर सोमवारपासून त्या कार्यालयाचं छत उतरवून नवं घालणार आहेत आणि दारं पुन्हा कधी उघडतील हे कोणीच छातीठोकपणे सांगत नाही. बाबांना म्हटलं, थांबू या की. तर म्हणाले, "मी थांबेन रे. माझं वय थांबतंय का ते विचारून सांगतो."

(आता ओघ आला आहे, तर सांगून टाकतो. नवरी म्हणजे आमच्या पोहण्याच्या बाई. जन्मभर शाळेतल्या मुलांना पोहायला शिकवलं, आता तलावावर मोठ्यांना शिकवतात. आई गेल्यापासून बाबा खिडकीशी बसून समोरच्या भिंतीचा रंग उडताना बघायचे, ते तू पाहिलं आहेस. डॉक्टरांनी कंबरेसाठी पाण्यात उतरायला सांगितलं. पहिल्या दिवशी ते तलावाच्या काठाची दांडी सोडेनात. बाईंनी मानेखाली हात धरला आणि म्हणाल्या, "मान सैल सोडा, बाकीचं पाणी बघून घेईल." त्या दिवशी बाबा घरी आले ते गुणगुणत. काय गुणगुणत होते ते विचारू नकोस, एकही सूर जागेवर नव्हता, पण सूर होते.)

असो, वेबसाइट. मोबाइलवर पान उघडलं ते असं, की एखाद्या मोठ्या वाड्याच्या कुलपाच्या भोकातून आत बघावं. डावीकडचा एक कोपरा तेवढा दिसे. वाचायला उजवीकडे सरकवावं तर ओळीची सुरुवात निसटे, सुरुवात धरावी तर शेवट निसटे. त्यात एक चौकट मधोमध येऊन बसली, 'आमचं ॲप घ्या.' ती बंद करायची फुली स्क्रीनच्या बाहेर. ती कशीबशी हुसकली तर दुसरी आली, 'कुकीज स्वीकारा.' बाबा म्हणाले, "घे घे, एवढ्या प्रेमाने देताहेत तर नाही कशाला म्हणायचं." घेतल्या. आणि मग सगळ्यात खाली, उजव्या कडेला, एक हिरवं बटण दिसलं. पूर्ण नाही. फक्त 'पु' एवढंच. 'ढे चला' पलीकडे कुठेतरी. त्या 'पु' वर बोट ठेवलं की पान रबरासारखं परत डावीकडे जाई.

फोन आडवा धरून पाहिला. पान आडवं झालं, पण मग निम्म्या स्क्रीनवर कीबोर्ड आणि त्याच्या मागे कॅलेंडर, नुसते वारांचे शेंडे दिसताहेत. फोन पुन्हा उभा केला, पान मात्र आडवंच राहिलं. मग आम्हीच माना आडव्या केल्या. मी, आमची ही आणि बाबा, तिघंही एका खांद्यावर मान टाकून बसलो होतो, तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं, आमच्याकडे बघितलं, आपणही मान वाकडी केली आणि विचारलं, "तपासणी आता अशी करतात का?" एवढं होईस्तोवर साइट म्हणाली, 'आपली वेळ संपली आहे. पुन्हा सुरुवात करा.'

मग हिला सुचलं की मोबाइलमध्ये कॉम्प्युटरसारखं पान दाखवायची सोय असते. ती लावली. आता सगळं पान दिसलं. सगळं म्हणजे सगळं, फक्त मुंगीच्या मुलांच्या बाळबोध पुस्तकात असतील तेवढ्या अक्षरांत. ताई, मी पोटासाठी लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतो. माझ्या तक्त्यावरची शेवटची ओळ त्या पानापुढे दुकानाची पाटी वाटावी. बाबा म्हणाले, "माझं लग्न आहे, मी वाचतो." म्हणून त्यांना तपासणीच्या खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर तो गोल लोखंडी सांगाडा चढवला आणि एकावर एक भिंगं टाकत गेलो. शेवटी अक्षरं दिसली, पण फोन नाकापासून बोटभर अंतरावर असेल तरच. आता तिथे हात शिरणार कसा? आणि शिरला तरी बाबांनी बोट ठेवलं की एकदम तीन चौकोन दबतात. मी हिची विणायची सुई पुढे केली, पण काचेला कातडी लागते म्हणे, सुईला ती भीक घालत नाही. तेव्हा बाबांनी कोणाला काही न विचारता मान थोडी पुढे केली आणि नाकाच्या शेंड्याने बटण दाबलं.

गेलं! हिने टाळ्या वाजवल्या, गिऱ्हाइकाने वाजवल्या, बाबांनी भिंगांतून दोन्ही डोळे बशीएवढे करून आमच्याकडे पाहिलं. मी आनंदाने त्या गिऱ्हाइकाची फ्रेम फुकट सरळ करून दिली. मग फोनवर पावती आली. शुक्रवार, सकाळची वेळ, नक्की. वर: मी. वधू: आमची ही.

फोन माझा ना! नावं त्याने आपल्या मनानेच भरली, त्याला जी पाठ होती ती. आमच्या लग्नाला पुरती पंचवीस वर्षं झाली, घरात दोन घोडे वाढवले, आणि आता सरकारदरबारी मी हिच्याशी पुन्हा उभा राहणार! ही पावतीकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पुन्हा तुमच्याशीच? मला जरा विचार करू द्या."

नाव बदलायला कार्यालयात गेलो. सगळेच गेलो, पोहण्याच्या बाईसुद्धा. तिथल्या अधिकारीबाई म्हणाल्या, बदल फक्त साइटवरूनच होतो. मी आमची हकिकत सांगितली. त्या हसल्या, लहान मुलाला बघून हसावं तशा. "अहो, अगदी सोपं आहे. हे बघा." असं म्हणून त्यांनी आपला फोन काढला. ॲपची चौकट आली. कुकीज आल्या. मग त्यांनी फोन आडवा केला. मग उभा. मग हळूच मान एका खांद्यावर टाकली. रांगेतली माणसं पुढे सरकून बघायला लागली. एक म्हणे वरून ओढा, एक म्हणे दोन बोटांनी चिमटा काढा, एका नवऱ्या मुलाने नवरीचा हात सोडून फोनच हातात घेतला. अधिकारीबाई चष्मा वरखाली करत होत्या, तेव्हा माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मॅडम, तुमचा जवळचा नंबर वाढलाय." झालं, मला वाटलं, आता लग्न तर नाहीच, वर दंड.

पण त्यांनी फोन टेबलावर पालथा घातला. आमच्या अर्जाची छापील प्रत ओढली, पेन काढलं, माझ्या नावावर काट मारून बाबांचं लिहिलं, हिच्या नावावर काट मारून बाईंचं, आणि शिक्का असा दणकून मारला की भिंतीवरचं घड्याळ हललं. "साइट गेली खड्ड्यात," त्या म्हणाल्या, "शुक्रवारी या." रांगेतल्या सगळ्या जोड्यांनी आपापले फोन खिशात घातले आणि म्हणाल्या, मॅडम, आम्हालाही पेनानेच द्या.

आणि शुक्रवारी झालं, ताई. बाबांनी करड्या रंगाचा कोट घातला होता. सही करायच्या वेळी मात्र त्यांचा हात अडला. पेन कागदावर टेकलेलं, आणि पुढे जाईना. मला वाटलं आईची आठवण आली असेल, आणि आलीच होती, नंतर त्यांनी सांगितलं. बाईंनी घाई केली नाही. नुसता त्यांच्या कोपराखाली हात धरला आणि म्हणाल्या, "सावकाश. मी कुठे जात नाही." मग बाबांनी सही केली, पूर्ण नावाची, वेलांटीसकट. मी साक्षीदार होतो. मला माझीच सही दिसेना, म्हणजे पाणी आलं होतं डोळ्यांत, नंबर नव्हे.

भाऊजींना नमस्कार, घरातल्या धाकट्यांना माझ्याकडून एकेक टपली.

तुझा,
धाकटा

ता. क. फोनवर का नाही सांगितलं असं विचारशील. कारण तू दुसऱ्या वाक्याला फोन आपटला असतास. पत्र आपटलं तरी पुन्हा उचलून वाचावंच लागतं.

ता. क. २. पत्रावर तिकीट नाही हे एव्हाना लक्षात आलं असेल. ते आणून देणाऱ्या, केस आखूड कापलेल्या, ताठ उभ्या असलेल्या बाई याच त्या. बराच वेळ उभ्या आहेत बिचाऱ्या, आधी त्यांना आत घे.

ता. क. ३. बाबांना मी सांगून ठेवलंय की तुला सगळं महिन्यापूर्वीच कळवलं, आणि तू आनंदाने रडलीस. तेवढं सांभाळून घे. ते समोरच्या फुटपाथवर उभे आहेत, वर यायचा धीर होत नाही म्हणाले. रागवायचं ते माझ्यावर नंतर, हवं तितकं. आत्ता खिडकीत जा आणि हात कर.