डोळे मिटून खोललेला संगणक

नारिन, १२ सप्टेंबर २००५

प्रिय तुरात,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बटाटे काढून झाले, गवतही आत आलं. तिकडे रशियात, त्युमेनमध्ये थंडी पडायला लागली असेल. तुझ्या वहिनीनं, बुरुलनं, लोकरीचे मोजे विणलेत, तिकडे जाणारं कुणी भेटलं की पाठवू.

आमच्या मुख्याध्यापिका कानिशायबाईंनी शाळेतला एक जुना संगणक मला घरी न्यायला दिलाय. आठवीच्या मुलांना आतले भाग शिकवायचेत, म्हणून रोज खोलून बसतो. पहिल्या दिवशी चादर पसरून सगळं मांडलं, तर बुरुल म्हणते, "अहो, ही काय मेंढी आहे, असे वाटे घालायला? मानाची मांडी कुणाला वाढणार?"

"वीज पुरवणारी ही जड पेटी तुला. घर तूच चालवतेस."

ती हसली. मग म्हणाली, "पण डोळे का मिटलेत?"

मी म्हटलं, सवय करतोय.

तुरात, बोटांना खूप कळतं रे. मेमरीच्या पट्टीची खाच बरोबर मध्यावर नसते, अंगठा फिरवला की कुठली बाजू कुठे ते समजतं. हार्ड डिस्क दगडासारखी गार आणि भरीव. प्रोसेसरवरचा पंखा काढताना एकदा बोट कापलं. पण आता सगळं सुटं करून पुन्हा जोडता येतं, न बघता.

परवा एक स्क्रू पडला. मी डोळे उघडून शोधायला लागलो. मेजावर, मांडीवर, खाली. बुरुल समोर उभी होती.

"अहो, तुमच्या हाताशीच तर आहे. उजवीकडे."

मी मान वळवली तेव्हा दिसला. तिचा आवाज बदलला. "तुम्हाला दिसत नाही का?"

मग सांगावंच लागलं. मी वसंतात बिश्केकला गेलो होतो तो पुस्तकांसाठी नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आधी संध्याकाळच्या उजेडात दिसेनासं होतं, मग दिसण्याचं वर्तुळ कडेनं आवळत जाणार. किती वर्षांत ते सांगता येत नाही. औषध नाही. आईला हेच झालं होतं. घोडीचा दोर धरून ती नदीवर जायची आणि आपण समजायचो, घोडीचा लळा आहे.

कानिशायबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "हात शाबूत आहेत तोवर हा वर्ग तुमचा." पुढच्या वर्षी नवे अधिकारी येणार आहेत. ते काय म्हणतील, कोण जाणे.

हे सगळं तुला फोनवरही सांगता आलं असतं. पण डॉक्टरांनी आणखी एक विचारलं होतं, ते तोंडातून निघेना. "सख्खं भावंड कुणी?" मी म्हटलं, एक धाकटा भाऊ. "काय काम करतो?" मी टोपी उचलून बाहेर आलो.

गेल्या वर्षी बुरुलच्या भाचीच्या लग्नात, दिवेलागणीला, तू पाण्याच्या बादलीला अडखळून पडलास. सगळे हसले. म्हणाले, चढलीय याला. तू त्या दिवशी थेंबही घेतला नव्हतास, मला माहीत आहे. डॉक्टरांनी विचारल्यापासून ती बादली डोक्यातून जात नाही.

तू उंच इमारतींच्या परांचीवर चालतोस. खरं सांग, संध्याकाळी पायाखालची फळी दिसते का?

उत्तर लिहीत बसू नकोस. आधी खाली उतर. पगार राहिला तर राहू दे, मुकादम शिव्या देईल त्या ऐकून घे. मग डॉक्टरकडे जा आणि काय म्हणाला ते मला कळव, वाईट असलं तरी.

आई असती तर तिनं ओरडून बोलावलं असतं. तिच्या जागी मी बोलावतोय.

तुझा थोरला,
तोलोन