उत्तर चुकलं की शून्य

१८ मार्च, संध्याकाळी
बोर्डाचा आदेश आला. उद्यापासून मल्लेश्वरमच्या केंद्रावर सेकंड पीयूच्या, म्हणजे बारावीच्या, गणिताचे पेपर तपासायचे. वीस वर्षं कॉलेजात गणित शिकवतोय आणि तपासणीचं बोलावणं पहिल्यांदा. इतकी वर्षं का नाही, ते उघड आहे. मी कडक आहे आणि कडक माणूस कुणालाच नको असतो. या वर्षी एक तर माणसं कमी पडली असावीत किंवा बोर्डाला अक्कल आली असावी. दुसरं कारण जास्त पटतं.

माझा सिद्धांत साधा आहे. उत्तर बरोबर तर पूर्ण गुण, चुकलं की शून्य. ज्या देशात अर्धवट उत्तराला अर्धे गुण मिळतात, त्या देशात अर्धवट रस्ते होतात, अर्धवट गटारं होतात आणि अर्धवट माणसं निवडून येतात. हे वाक्य भाषणात वापरायचं. पुढच्या वर्षी मुख्य परीक्षकाची खुर्ची माझी. त्याची पायाभरणी उद्या.

बायकोला, प्रेमाला, हे ऐकवलं. ती पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीतून नुकतीच आली होती. चहाचा घोट घेत हॉलच्या खिडकीकडे बघून म्हणाली, अर्धवट पडदे पण होतात.

ते पडदे. चिकपेटेतून कापड मी स्वतः हिशोब करून आणलं होतं. खाली वीतभर उघडं राहतं, मान्य. पण पद्धत बरोबर होती. वर-खाली दोन शिवणी जातात, मी एकच धरली, एवढंच. ती गोष्ट वेगळी.

१९ मार्च
केंद्रावर दारातच मोबाइल काढून घेतले. चोरांचा बाजार समजतात काय? एका टेबलाला सहा परीक्षक आणि त्यांच्यावर एक प्रमुख. आमच्या प्रमुख महानंदा मॅडम. अथणीच्या. अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलतात. सगळे त्यांना अक्का म्हणतात. मी मॅडम म्हणतो. परीक्षेच्या हॉलमध्ये नाती शिरली की गुण वाढतात.

शेजारी योगीराज. निपाणीचा, तिशीतला, चेहऱ्यावर कायम दया. मला अण्णा म्हणतो. दोनदा बजावलं, सर म्हणायचं. तिसऱ्यांदा म्हणाला, सरी अण्णा. सरी म्हणजे कन्नडात बरं.

इथली रीत अशी की पहिल्या दिवशी खरे गठ्ठे देतच नाहीत. कुठल्या तरी एका पोराचा पेपर, नाव-नंबर झाकून, त्याच्या झेरॉक्स सगळ्यांना वाटतात. प्रत्येकानं एकट्यानं तपासायचा, मग सगळ्यांचे गुण फळ्यावर. जो इतरांपासून तीन गुणांपेक्षा लांब, त्याला गठ्ठा नाही. त्याला दुसरा नमुना. तिथंही लांब राहिला तर तपासणीतून बाहेर आणि बेरजा जुळवण्याच्या टेबलावर रवानगी.

ऐंशीपैकी गुण फळ्यावर लागले. ६२, ६३, ६१, ६२, ६३. माझे २९.

मागच्या टेबलावर कुणीतरी खोकलं. तो खोकला नव्हता.

मॅडम म्हणाल्या, सर, या मुलानं मॅट्रिक्सच्या गणितात एक चिन्ह चुकवलं. पण पुढचं सगळं त्या चुकीच्या आकड्यावर बरोबर केलंय. तुम्ही पाचपैकी शून्य दिलंत. आपली रीत आहे, एका चुकीची शिक्षा एकदाच. मी विचारलं, म्हणजे चोर एकाच घरात शिरला तर माफ? त्या म्हणाल्या, चोर नाही सर, सतरा वर्षांचं लेकरू आहे. स्वल्प पेन सैल सोडा.

मग '+C' वरून जुंपली. इंटिग्रेशनच्या उत्तराशेवटी C हा स्थिरांक लिहायचा असतो. पोरानं लिहिला नव्हता. जो '+C' विसरतो, तो उद्या स्वतःच्या लग्नात मंगळसूत्र विसरेल. योगीराज कळवळून म्हणाला, अण्णा, मनात असेल हो त्याच्या C. मी म्हटलं, मनातलं तपासायला मी ज्योतिषी नाही.

फळ्यावरच्या पाचांचं एकमत झालं म्हणून ते बरोबर ठरत नाही. पायथागोरसचा सिद्धांत मतदान घेऊन पास झाला नव्हता. हेही वाक्य भाषणात.

दुसरा नमुना सोमवारी.

२० मार्च
बाकीचे गठ्ठे तपासतायत. मला गुणदानाची योजना वाचायला बसवलंय. चोवीस पानं. कुठल्या पायरीला किती गुण, कुठल्या चुकीला किती कापायचे, मुलानं पुस्तकाबाहेरची रीत वापरली तर काय. वाचली नाही. गाइड वाचून मी गणित शिकलो नाही, गाइड वाचून शिकवणारही नाही.

त्याऐवजी चहाच्या सुट्टीत भाषण केलं. चाळीस मिनिटं. पायरीचे गुण म्हणजे देवळाच्या पायरीवरचे गुण, असं ठणकावून सांगितलं. गुण मागणारा विद्यार्थी भिकारी आणि देणारा शिक्षक त्याच्याहून मोठा भिकारी. कोचिंग क्लासवाल्यांना झोडपलं, आयटीतल्या आईबापांना झोडपलं, कॅल्क्युलेटरलाही सोडलं नाही. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. ते सगळे मान खाली घालून पेपर तपासत होते, हा योगायोग.

शेवटी मॅडम म्हणाल्या, छान बोललात सर. योजना तेवढी एकदा वाचा.

आणि मागून तोच खोकला बोलला. इतकं सोपं आहे तर सर, तुम्हीच सोडवा की हा पेपर.

सोडवतो! हॉलसमोर शब्द दिलाय. आदर्श उत्तरपत्रिका. राज्यातल्या प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लागायला हवी.

२१ मार्च
सोडवला. कोपऱ्यातल्या बाकावर बसून, तीन तासांचा पेपर दोन तासांत. एकदाही मागं वळून पाहिलं नाही. पुन्हा तपासणं ही स्वतःवर विश्वास नसलेल्यांची सवय.

मॅडमच्या हातात दिला. त्यांनी पानं चाळली. एका ठिकाणी थांबल्या. माझ्याकडे बघितलं. पुढं गेल्या. आणखी एका ठिकाणी थांबल्या, चष्मा पुसला, परत माझ्याकडे बघितलं. कौतुक लपवता येत नाही माणसाला.

म्हणाल्या, सरी सर. उपयोगी पडेल.

उपयोगी! हा शब्द नोंदवून ठेवतोय.

२२ मार्च
मोठी बातमी. कँटीनमध्ये योगीराज कोपऱ्यात बसून माझा पेपर हातानं उतरवत होता. ओळ न् ओळ. मला बघून कानापर्यंत लाल झाला. विचारलं तर म्हणाला, अक्कांनी सांगितलंय, उतरवून काढ. म्हणजे मॅडमना पटलंय आणि मान्य करायला जड जातंय. बहुधा माझ्या अक्षरातली मूळ प्रत बोर्डाकडे पाठवून इथं एक ठेवायची असेल.

त्याचं अक्षर मात्र दिव्य. शाळकरी पोरासारखं, घाईतलं. म्हटलं, अक्षर सुधार. तर म्हणतो, असंच पाहिजे म्हणाल्या.

त्यानं बशीतली कॉफी संपवली. मग एकदम म्हणाला, अण्णा, हात जोडतो, सोमवारी जरा हात सैल ठेवा. कुणाचा पेपर असेल सांगता येत नाही.

मी म्हणालो, माझ्या बापाचा असला तरी.

तो म्हणाला, बापाचा नसेल.

कमकुवत पोरगा. पण वीस वर्षांत माझा पेपर कौतुकानं उतरवून घेणारा पहिलाच. मुख्य परीक्षक झालो की याला टेबल देईन.

२३ मार्च, रविवार
मुख्य परीक्षकपद स्वीकारतानाचं भाषण लिहायला घेतलं. नऊ पानं झाली, अजून मुद्द्यावर आलो नाही.

खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर. पडदा ओढला. ऊन खालून.

प्रेमानं विचारलं, आणि उद्याच्या नमुन्यात नापास झालात तर? मी म्हणालो, मी परीक्षक आहे, परीक्षार्थी नव्हे. ती म्हणाली, पडद्यांच्या शिंप्यालाही असंच सांगितलं होतंत.

२४ मार्च, सोमवार
अजून जेवलो नाही. रागानं.

दुसरा नमुना वाटला. असला पेपर जन्मात पाहिला नाही. सुरुवात बरी होती. मांडणी भारदस्त, भाषा ठाम, प्रत्येक गणिताखाली दोन रेघा. कुठल्या तरी चांगल्या शिक्षकाची छाप दिसत होती. क्षणभर वाटलं, हा माझ्याच वर्गात बसलेला असावा.

आणि मग! इंटिग्रेशनचं उत्तर, खाली दोन रेघा, आणि '+C' गायब. एकदा नाही, दोनदा. मॅट्रिक्सच्या गणितात प्रश्नच चुकीचा उतरवलाय, 3x चं 5x केलंय आणि त्या चुकीच्या प्रश्नाचं उत्तर छाती फुगवून काढलंय. पुढं एके ठिकाणी सात आठे चोपन्न! चोपन्न! आणि कुठंही खाडाखोड नाही. चुकणाऱ्याला निदान शंका तरी यावी. या पोराला शंका हा शब्दच माहीत नाही.

दिले ३४. समासात लाल शाईनं लिहिलं, 'या मुलाला घडवणाऱ्या माणसाला शोधून काढा.'

फळ्यावर गुण लागले. ७०, ६९, ७०, ७१, ७०. आणि ३४.

मॅडमनी विचारलं, सर, पुन्हा एकदा बघता का? वेळ आहे. म्हटलं, मी मागं बघत नाही. त्यांनी विचारलं, या मुलाला गणित येतं, असं वाटतं का तुम्हाला? मी उभा राहिलो. म्हणालो, मुळीच नाही. याला फक्त घमेंड येते. पेपर लवकर टाकून ऐटीत उठणारी जात आहे ही. असला उद्या इंजिनिअर झाला तर पूल पडेल आणि शिक्षक झाला तर पिढी.

मॅडम हळूच म्हणाल्या, शेऱ्याखाली सही करा, सर.

केली. पूर्ण नावानं. योगीराजनं डोकं टेबलावर टेकवलं. ऊन लागलं असावं त्याला.

२५ मार्च
मॅडमनी कँटीनमध्ये बोलावलं. हॉलमध्ये नाही. दोन कॉफी मागवल्या. टेबलावर दोन पेपर शेजारी-शेजारी ठेवले. एक कालचा. एक माझ्या अक्षरातला.

पान उलटलं. परत उलटलं. 5x. चोपन्न.

त्या म्हणाल्या, टेबलावर कुणालाच ठाऊक नाही. मला आणि योगीराजला, बस्स. तो रडायचा बाकी होता उतरवताना, म्हणत होता अक्का, नको. कॉफी घ्या सर, निवते.

मी कप उचलला.

मग म्हणाल्या, पाच परीक्षक म्हणतात या माणसाला गणित येतं. एकच म्हणतो, येत नाही. आता सांगा, कुणाचं धरू?

कॉफीत साखर कमी होती. बेंगळुरूत हल्ली काहीच धड मिळत नाही.

दुपारी घरी आलो. तब्येत बरी नाही. प्रेमाला सांगितलं, उन्हाचा त्रास. ती पडद्याकडे बघून म्हणाली, येणारच.

२६ मार्च
बेरजांच्या टेबलावर बसलोय. शेजारी कन्नडच्या एक लेक्चरर आहेत. गणिताच्या पेपरांच्या बेरजा त्यांच्या माझ्याआधी होतात. त्या बोटांवर मोजतात, म्हणून.

रिकामा वेळ होता. योजना वाचली. चोवीसही पानं. तशी वाईट नाही. लिहिणाऱ्यानं विचार केलेला दिसतो. पान सहावर स्पष्ट म्हटलंय, प्रश्न उतरवताना आकडा चुकला पण गणिताची काठिण्यपातळी तीच राहिली, तर एकच गुण कापावा. बहुतेकांनी माझे त्या प्रश्नात दोन कापलेत! हा सरळ अन्याय आहे. सतरा वर्षांचं लेकरू असतं तर त्याचं काय झालं असतं?

पेपर घेऊन मॅडमच्या टेबलाशी गेलो. त्यांच्यापुढं गठ्ठा होता, मी उभाच राहिलो. पान सहा दाखवलं. त्यांनी वाचलं. म्हणाल्या, बरोबर आहे सर, एक वाढतो. लाल पेनानं सत्तरचे एकाहत्तर केले. सही केली.

चोपन्नचं विचारलं. म्हणाल्या, त्याचा एकच गेलाय, पुढची रीत धरलीय. ते ठीक. त्यात तक्रार नाही.

त्या पुढच्या पेपराकडे वळल्या. मी तिथंच होतो. योगीराज मान वर न करता पेपर तपासत होता, पण त्याचं पेन थांबलं होतं.

मॅडम म्हणाल्या, आणखी काही, सर?

इंटिग्रेशनचं पान काढलं. '+C' साठी दोन ठिकाणी अर्धा-अर्धा कापलाय. दोन्ही मिळून एक होतो. एकाहत्तरचे बहात्तर.

त्यांनी पान उजेडात धरलं. म्हणाल्या, C कुठं दिसत नाही हो सर.

मी म्हणालो, अक्का, मनात होता.