डोंबिवलीतला शेवटचा आदिमानव

डोंबिवली (पूर्व),
गणपती गेल्यानंतरचा रविवार

ती. चंदूदादा यांस,

महिपतचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे नुसतं रिवाज म्हणून लिहिलेलं नाही. पूर्वी मी लोटांगण घातलं की पोट तेवढं जमिनीला टेकायचं आणि बाकीची अंगं हवेत राहायची. आता सगळी टेकतात. त्याचीच ही हकिगत.) तुझा गुडघा कसा आहे? सरोजवहिनींचं बीपी गोळीला दाद देतंय का? कोपरीच्या घराचा गळका पत्रा बदललास की अजून त्याखाली तेच पातेलं ठेवता? इकडे सगळं क्षेम आहे. तुझी मावशी, म्हणजे माझी आई, ठणठणीत आहे. तू म्हणशील, एवढं कळवायला फोन होता. तर आमच्या घरात माझा फोन सगळ्यांचा असतो. आलेला मेसेज आधी संचिता वाचते आणि मग मला काय आलंय ते सांगते. म्हणून हे कागदावर.

तर गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं की साखर उंबरठ्यावर येऊन उभी आहे, आत घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. त्याच आठवड्यात आमच्या इमारतीतल्या प्रणितने मला गच्चीवर गाठलं. हा पोरगा सकाळी जिममध्ये लोकांना वजनं उचलायला लावतो आणि संध्याकाळी त्यांच्या धरलेल्या पाठींचे फोन घेतो. त्याने मला पॅलिओ डाएट समजावलं. आदिमानव जे शिकार करून आणि वेचून खायचा तेवढंच खायचं. धान्य नाही, डाळ नाही, दूध नाही, साखर नाही. आदिमानवाला डायबिटीस नव्हता. (त्याला तिशीतच वाघ खायचा, मग डायबिटीस व्हायला वेळ कुठे होता, असं मी विचारलं. तर म्हणाला, काका, निगेटिव्ह नका ना बोलू.) लगेच आमचा एक ग्रुप झाला, नाव ‘गुहा’. गुहेत सकाळी सकाळी उकडलेल्या अंड्यांचे फोटो यायचे. आदिमानव ज्या गोष्टी रानात वेचायचा त्या आता मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर एसीत वेचाव्या लागतात, आणि पिशवीचे वेगळे पैसे पडतात. एक बँकवाले गृहस्थ मातीशी नातं जोडायला रोज अनवाणी चालायचे. फक्त त्या मातीपर्यंत बूट घालून गाडीने जायचे. फ्लॉवर किसून त्याला भात म्हणायचं, असंही तिथे ठरलेलं. मी ते एकदा केलं. फ्लॉवरला ते मान्य नव्हतं.

मासे चालतात म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलेलं. आपण कोळी, आपल्याला यात सोडायचं ते काय, असं वाटलं. ते पहिल्या दिवशी दुपारी कळलं, ताटात कालवण आलं आणि त्याच्याखाली काही नव्हतं तेव्हा. दादा, मी पापलेटचं कालवण वाटीतून चमच्याने प्यायलो आहे. असं आजारी माणूससुद्धा करत नाही. तांदळाची भाकरी नाही, भात नाही. बोंबील नुसता हातात धरून बसलो तर तोही माझ्याकडे बघत होता.

आईला काय सांगायचं हा प्रश्न होता. तिला मी साखर, इन्सुलिन, आदिमानव असं सगळं नीट समजावलं. ती शेंगा सोलत होती. सगळं ऐकून घेऊन तिने एवढंच विचारलं, “भात सोरलास ना? कोनासाठी रं?” मी म्हटलं, तब्येतीसाठी. ती माझ्याकडे बघून हसली आणि शेंगा सोलत राहिली. (इथेच मला कळायला हवं होतं. तुला आठवत असेल, बाबांची होडी वादळात खाडीबाहेर अडकलेली तेव्हा आईने आंबा सोडलेला, आणि होडी परत आल्यावरही तो अख्खा मोसम तोंडाला लावला नव्हता. आपल्याकडे माणूस आवडीचं खाणं सोडतो ते कुणासाठी तरी. पोटासाठी पोटावर पाय देतो, हे त्या बाईच्या डोक्यात बसणं शक्य नव्हतं.)

त्यानंतर घरात सगळे चमत्कारिक वागायला लागले. लग्नापासून माझ्या प्रत्येक बेताला हसणारी संचिता मुकाट्याने मला सुरमई तळून वाढायला लागली, आणि वाढताना पदर सावरायची. मला वाटलं, विज्ञानाचा प्रसार होतोय. श्रावण लागला. घरात मासे बंद, अंडी बंद. उकडलेलं रताळं आणि सुरण यांवर मी दिवस काढले. खालच्या मजल्यावरच्या देवयानीने सोमवारी साबुदाण्याची खिचडी आणून दिली. मी म्हटलं, साबुदाणाही नाही चालत, शेंगदाणाही नाही. तिचे डोळे विस्फारले. उपासालासुद्धा जो उपास करतो असा पुरुष तिने पाहिला नव्हता. जाताना ती पाया पडली. मी कुठल्या तरी ग्रहावर चुकून उतरल्यासारखा उभा राहिलो.

खरं सांगू? तोपर्यंत माझा धीर सुटलेला. गुहाही रिकामी होत चाललेली. बँकवाले गृहस्थ मोदकांवर घसरले. खुद्द प्रणितने आदिमानवाला सोडचिठ्ठी देऊन ज्वारीच्या कुकीज विकायला घेतल्या. (आता म्हणतो, काका, मिलेट्समध्ये फ्युचर आहे. आजी हेच सांगायची तेव्हा तिला कुणी पैसे दिले नाहीत.) मी ठरवलं, बास. कल्याणपलीकडे मोहने गावात कुणाला तरी भेटायचं निमित्त काढलं, तिथे ओळखीचं कुत्रं नाही म्हणून. एका खानावळीत बसलो आणि राइस प्लेट मागवली. भात आला. वाफ येत होती. मी त्याच्यात आमटीचं आळं केलं, पहिला घास उचलला, आणि फोन वाजला. आमची प्राप्ती.

तुला माहीत आहे, लग्नाला सहा वर्षं झाली, पोरीने किती दवाखाने केले ते आम्ही घरात एकमेकांशीही बोलत नव्हतो. ती म्हणाली, “बाबा, पॉझिटिव्ह आहे.” आणि रडायला लागली. मग म्हणाली, “आजीने सगळं सांगितलं मला. तुम्ही माझ्यासाठी भात सोडलाय ना? एवढं केलंत, आणि बोलला पण नाहीत.”

आता सांग, काय बोलायचं मी? नाही गं, पँट होत नव्हती म्हणून सोडला? मी म्हटलं, “हो.” हातातला घास तसाच ताटात ठेवला. वेटरने विचारलं, काका, काही पडलंय का आमटीत? मी पैसे देऊन बाहेर आलो आणि रस्त्यावर उभा राहून रडलो. लाज वाटली नाही.

आपण दोघं नवससायास न मानणारे. टेंभी नाक्यावर नवरात्रात लोक तासन्‌तास रांगेत उभे असायचे तेव्हा आपण पलीकडे वडे खात त्यांना हसायचो. माझं मत आजही तेच आहे. औषधं प्राप्तीने घेतली, इंजेक्शनं तिने सोसली, गुण डॉक्टरांचा. माझ्या भाताचा त्यात काडीचा संबंध नाही. पण दादा, दुसऱ्या दिवशी चहासोबत चुकून खारी बिस्कीट तोंडात घातलं, तर मी बेसिनपर्यंत धावलो आणि तीनदा चूळ भरली.

साखर उंबरठ्यावरून परत गेली. डॉक्टर म्हणाले, पेशंट तिसऱ्या आठवड्यात ढेपाळतात, तुम्ही एवढे कसे टिकलात? मी म्हटलं, निर्धार. घाबरल्यामुळे टिकलोय हे डॉक्टरला कसं सांगणार?

असो. गुडघ्याला जप. वहिनींना नमस्कार.

तुझा,
महिपत

ता. क. : हे पत्र वाचून फाडून टाक. मावशीपुढे चुकूनही आदिमानवाचं नाव काढू नकोस.

ता. ता. क. : कोपरीहून कुणी इकडे येणार असेल तर सोडे आणि सुके बोंबील पाठव. अंड्यांकडे आता बघवत नाही.

आणि शेवटचं, ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला बसलो : काल प्राप्तीची सोनोग्राफी झाली. जुळं आहे. डॉक्टर म्हणाले, दोघंही व्यवस्थित आहेत, पण जपायला हवं. कालपासून माझ्या मनात एकच येतंय, की मी भात सोडला तेव्हा तो एकाच्या हिशोबाने सोडलेला. तू मानत नाहीस, मीही मानत नाही. पण दिवसातून तीनदा भात खाणारा माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही. बाळंतपण होईपर्यंत सोडशील का रे? तांदळाची भाकरीपण. वहिनींनी विचारलं तर सांग, तब्येतीसाठी.