वाढवलेला वेग सकाळी उतरतो त्याबद्दल

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे सगळ्यांचं बरं आहे. ह्यांचा खोकला गेला. माझी कंबर आहे तशीच आहे, पण आता तिची सवय झाली. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीने दिलेलं तेल लावतोस ना, की नुसतं उशाशी ठेवून झोपतोस? तू दिलेल्या कॉम्प्युटरचीही तब्येत आता सुधारली आहे. मध्यंतरी ठीक नव्हती, आणि ते सगळं पहिल्यापासून सांगायचं म्हणून हे पत्र. (फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मधे बोलतोस.)

आधी सूनबाईच्या कामाचं सांगते. तुला माहीत आहे, पण मागच्या वेळी तू ऐकत नव्हतास असं वहिनी म्हणाली. मुलगा जहाजावर गेला की घरात आम्ही तिघंच. सूनबाई न बांधलेल्या घरांची हलती चित्रं करते. घर अजून कागदावर असतं, पण हिच्या चित्रात आपण दारातून आत जातो, स्वयंपाकघराकडे वळतो, खिडकीतून ऊन आलेलं असतं. (त्या स्वयंपाकघरांत ताटं ठेवायला मांडणी म्हणून कुठे नसायची. मी तसं बोलले. तिने एका घरात मांडणी घातली आणि गिऱ्हाइकाला नेमकी तीच आवडली.) असं एक चित्र तयार करायला तुझं मशीन सकाळी बसायचं ते दिवेलागणीला उठायचं. तिच्या ऑफिसने घरून काम करायला परवानगी दिली आहे, पण काम वेळेत आलं पाहिजे ही अट. नाही आलं तर तुमच्या शहरातल्या ऑफिसात येऊन बसायचं, तिथली मशीनं दणकट आहेत. म्हणजे इथलं बिऱ्हाड उचलून तिकडे जायचं. माझं विचारशील तर मला काही फरक पडत नाही. तिचं काम आहे, तिचं तिने ठरवावं. मी फक्त झालं ते कळवते आहे.

तेव्हा तू फोनवर म्हणालास की नवीन मशीन कशाला घेता, प्रोसेसर कारखान्यातून येतो तोच मुद्दाम जरा सावकाश ठेवलेला असतो, सेटिंगमध्ये आकडा वाढवला की पळतो. याला ओव्हरक्लॉक म्हणतात. मी विचारलं, खर्च किती? तू म्हणालास, काही नाही. दादा, त्या क्षणी मला तुझ्याबद्दल जो आदर वाटला तो तू लहानपणी माझी चप्पल विहिरीतून काढून दिलीस तेव्हाही वाटला नव्हता. पण फोन ठेवता ठेवता तू हळूच म्हणालास की वीज थोडी जास्त खाईल. हे आधी सांगायची गोष्ट होती.

सूनबाईने आकडा वाढवला. मशीन असं पळालं की चित्र जेवणाआधी तयार. त्या दिवशी ती जेवताना दोनदा मागून घेऊन जेवली. दुसऱ्या दिवशी कामाला बसली तर मशीन पुन्हा पहिल्या चालीवर. आकडा जिथून निघाला होता तिथे जाऊन बसलेला. तिने परत वाढवला, बंद करून चालू केलं, राहिला. दुपारी बंद करून चालू केलं, राहिला. सकाळी पाहावं तर गेलेला. हे रोजचंच झालं. दिवसा केलेलं दिवसभर टिकायचं आणि सकाळी पुसलं जायचं.

मग ज्याला त्याला मत सुचू लागलं. ह्यांची सगळी नोकरी पाण्याच्या पंपांवर गेली, त्यामुळे ह्यांचं म्हणणं असं की मोटर तापली की सुटते, तसंच हे सुटतं. रात्रभर बंद असलेलं यंत्र सकाळी तापेल कसं, हे सूनबाईने विचारलं नाही, सासरे म्हणून. मी विचारलं. तरी कपाट सरकवून मशीन खिडकीशी आणलं, आणि ह्यांनी सायकलच्या पंपाने हवा मारून आतली धूळ काढली. ती धूळ स्वयंपाकघरात आली, पण ते त्यांच्या कामात धरत नाहीत. सूनबाई एकेक करून पाहत होती. आकडा जरा खाली आणला, मग व्होल्टेज एक पायरी चढवलं, मग मेमरीला हात न लावता नुसत्या प्रोसेसरचंच बदललं. सकाळी सगळं सारखंच. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने पुन्हा पुन्हा बंद करून चालू केलं, आणि त्याच्यासमोर ते सुतासारखं सरळ वागलं. खोकतो म्हणून मुलाला दवाखान्यात न्यावं आणि तिथे त्याने एकदाही खोकू नये, तशी आमची गत झाली. जाताना म्हणाला, आतलं सगळंच बदलून टाका. (चहा पिऊन म्हणाला.) आणि तू फोनवर म्हणालास की ती बहुतेक सेव्ह करायला विसरते. ते मी तिला सांगायला नको होतं. सूनबाई रागावली की भांडी फार हळू ठेवते. त्या दिवशी भांड्यांचा आवाजच आला नाही.

आता माझं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मुलाने जाण्यापूर्वी मला त्या कॉम्प्युटरवर रोजच्या पाठाची सोय करून दिली होती. सकाळी आंघोळ झाली की मी मशीन लावायचं, त्या त्या दिवसाचा पाठ आपोआप पुढे येतो, तो वाचायचा, हात जोडायचे आणि मग सूनबाईसाठी इंटरनेटचा डबा चालू करून उठायचं. तर ज्या आठवड्यात तिने वेग वाढवला त्याच आठवड्यापासून मला एकच पाठ येऊ लागला. ‘ज्याला जेवढी गती दिली आहे, तेवढीत त्याने समाधान मानावे. ओढून आणलेली घाई टिकत नाही.’ पहिल्या दिवशी मी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी तोच. तिसऱ्या दिवशीही तोच. देव सुचवतो हे मी मानते, पण इतकं रोखठोक कधी सुचवलं नव्हतं. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, देवाला प्रोसेसरशी काय करायचंय? मी म्हटलं, त्याला सगळ्याशी करायचं असतं. पण दादा, समाधान मानायचं म्हणजे काय, तर सूनबाईने बॅग भरायची. तेव्हा मी देवाशी थोडी हुज्जत घातली. म्हटलं, नळाला पाणी आलं नाही त्यात समाधान मानलं, मुलगा वर्षाकाठी पाहुण्यासारखा येतो त्यातही मानलं, या एका बाबतीत सूट दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पाठ. (हे वहिनीला सांगू नकोस. मला काही फरक पडत नाही हे तर वर लिहिलंच आहे.)

मग ऑफिसचं पत्र आलं की हे चित्र वेळेत नाही आलं तर पुढच्या महिन्यापासून इकडे हजर व्हा. त्याच दिवशी तुझाही फोन आला की मागची खोली रिकामी आहे, पोरीने खुशाल राहावं. तिने माळ्यावरची बॅग खाली काढली. रात्री जेवताना मी तिला म्हटलं, तू मनाला लावून घेऊ नकोस, वरूनच परवानगी दिसत नाही, रोज मला एकच पाठ दाखवतोय. तिने घास खाली ठेवला.

“आई, रोज एकच?”

“तू वेग वाढवलास तेव्हापासून.”

“आणि मशीन लावल्यावर पाठाच्या आधी काही येतं का?”

“काळ्या पडद्यावर इंग्रजी येतं. एफ वन दाबा म्हणतं. मी दाबते.”

“त्याच्या वर काय लिहिलेलं असतं?”

“वरचं मी वाचत नाही. मला दाबायचं कळलं, बस झालं.”

ती उठली, खरकट्या हाताने, आणि ह्यांना म्हणाली, “बाबा, बटण भिंतीवरून बंद करून परत लावा.” ह्यांनी लावलं. काळा पडदा आला. वर लिहिलं होतं की आतली बॅटरी संपली आहे, तारीख आणि सेटिंग पुसली गेली आहेत, मूळ आकड्यांवर चालायचं असेल तर एफ वन. म्हणजे रोज सकाळी मशीन आपलं दुखणं सांगत होतं आणि मी त्याला बरं बरं म्हणून पुढे जात होते. त्या मशीनच्या पोटात एक चपटी बॅटरी असते. भिंतीवरचं बटण चालू असेल तर तिचं काही काम पडत नाही, ते बंद केलं की सगळी आठवण तिच्या एकटीवर. आणि तू वीज जास्त खाईल म्हणालास त्या दिवसापासून मी झोपण्यापूर्वी ते बटण बंद करत होते. तारीख पुसली जाऊन रोज वर्षाचा पहिला दिवस उजाडायचा, म्हणून पाठही पहिलाच. मी इंटरनेटचा डबा लावला की तारीख आपसूक सुधारायची, त्यामुळे सूनबाईला काही दिसायचं नाही. हे म्हणाले, “म्हणजे रोज रात्री तूच...” मी म्हटलं, जेवण गार होतंय. सूनबाईला हसून हसून ठसका लागला. मी तिच्या पाठीवर थापटत होते आणि ती हसतच होती. किती दिवसांनी हसली.

माझ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात तशीच बॅटरी होती, ती काढून घातली. (आता मी अंदाजाने वजन करते, आणि अंदाज काट्यापेक्षा बरा आहे.) आकडा टिकला. चित्र वेळेत गेलं. बॅग अजून खालीच आहे, पण ती धूळ झटकायला ठेवली असेल.

वहिनीला नमस्कार सांग. गुडघा दुखत असताना जिना चढू नकोस.

तुझी धाकटी बहीण

ता. क. बॅटरी तुझ्याकडून आली तेव्हाच मेलेली असणार, हे मी घरात कोणाजवळ बोललेले नाही. त्याच्या मोबदल्यात माझं एक काम कर. सूनबाईचं चित्र साहेबांना इतकं आवडलं की एवढ्या झपाट्याने काम करणारी बाई आम्हाला इथे ऑफिसात हवी, मोठ्या जागेवर, असं त्यांनी कळवलं आहे. तिला रविवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे, आणि राहायचं कुठे एवढीच तिला अडचण दिसते. तर मागच्या खोलीचा विषय तू काढू नकोस. तिने विचारलंच तर सामानाने भरली आहे म्हण. मी तुला खोटं बोलायला लावते आहे असं वाटून घेऊ नकोस. आधी सामान भर, मग म्हण.

आणखी ता. क. बॅटरी बदलल्यापासून पाठ रोज नवा येतो. आजचा असा होता: ‘निघालेल्या माणसाची वाट अडवू नये. त्याच्या हातावर शिदोरी ठेवावी.’ मी तो दोनदा वाचला. सूनबाई म्हणते तारीख बरोबर आहे. माझ्या मते ती बॅटरी पुन्हा एकदा तपासून घ्यायला हवी.