अण्णांची सीडी

पिंपळगाव रेणुकाई,
२० नोव्हेंबर २००५

चि. बद्रीनाथ यास भुजंगचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सर्व खुशाल. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. पत्राचं कारण एवढंच, की दिवाळीत तू अण्णांच्या भजनांची सीडी जालन्याला नेलीस. आमच्या डबड्यावर ती वाजवणं म्हणजे गेलेल्या अण्णांचा गळा दाबणं, असं तू भजनी मंडळींसमोर म्हणालास. तुझं यंत्र भारी आहे, हे बराबर. पण माय दोनदा विचारून राह्यली. सीडी पाठवलीस तर बरं होईल. उषाला व पोरांना आशीर्वाद, आणि माझ्या लिहिण्याचा राग मानू नकोस.

तुझा,
भुजंगदादा

जालना,
२७ नोव्हेंबर

ती. दादांस बद्रीनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मान खाली गेली. त्यातच एक गोष्ट घडली, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. माझं नवं ट्रान्सपोर्ट म्हणजे फक्त सीडी वाचणारं यंत्र. त्यातले आकडे दुसऱ्या पेटीत जातात आणि तिथे त्यांचा आवाज होतो. काल कॉलेजातल्या मित्रांना मी तासभर तेच समजावत होतो. उषा म्हणाली, आकडे तेच, पेटी तीच, मग आवाज कसा बदलेल? मी हसलो. तिने पडदा ओढला आणि अण्णांचं एकच भजन दहा वेळा लावलं. कधी ट्रान्सपोर्टवरून, कधी पोरांच्या सिनेमाच्या प्लेयरवरून. मी दर वेळी छातीठोक सांगितलं आणि सहा वेळा चुकलो. अण्णा समोर बसलेत असं ज्याला म्हणालो, तो पोरांचा प्लेयर निघाला. मित्र हसले नाहीत, चहाचं बोलायला लागले, त्याचीच जास्त लाज वाटली.

कॉपीत आवाज मरतो म्हणून मी तुम्हाला कॉपीसुद्धा दिली नव्हती. अण्णांच्या आवाजावर माझा तोरा मिरवला, दादा. शनिवारी सीडी घेऊन येतो, मंडळींसमोर माफी मागतो. यंत्रही आणतो; मायनेच दोन्ही ऐकून सांगावं, तिचा कान तयार आहे. धाकटा समजून पोटात घाला.

तुमचा,
बद्री

पिंपळगाव रेणुकाई,
१ डिसेंबर

चि. बद्रीस आशीर्वाद.

शनिवारी जल्दी निघ. सीडी आण, यंत्र आणू नकोस.

मायला दोन वर्षांपासून ऐकू येत नाही. बद्रीला कळवू नको, तो दवाखाने फिरवत बसेल, अशी शपथ तिने मला घातली होती. मी ती पाळली, ही माझी चूक. आज लिहिताना मलाही लाज वाटते. संध्याकाळी सीडी लावली, की ती स्पीकरच्या खोक्यावर तळहात टेकून बसते. पखवाज हाताला लागला, की तिला कळतं अण्णांचं भजन सुरू झालं. तेवढं झालं की ती जेवते.

दिवाळीत तू चार दिवस तिच्याशेजारी बसून यंत्राचं सांगत होतास. ती तुझ्या तोंडाकडे बघून मान हलवत होती. मला वाटलं होतं, तुझ्या ध्यानात येईल.

तुझी वाट बघणारा,
भुजंगदादा